चौतीस व्होल्ट

"लाईट गेलीय. बाबांच्या मशीनची बॅटरी दहा मिनिटं दाखवतेय," नवरा फोनवर म्हणाला.

सासऱ्यांचा श्वास त्या मशीनवर चालतो. मी रिपेअरच्या दुकानात, घर अर्ध्या तासावर.

"घाबरू नकोस," मी म्हटलं. खरं तर मीच घाबरले होते. "गाडीची जुनी बॅटरी आहे ना, तिला लाल ठिपक्याचं सर्किट जोड."

बॅटरी बारा व्होल्टची, मशीनला हवेत चोवीस. घरी माझ्या ड्रॉवरमध्ये सर्किटं दोन. एक व्होल्टेज चढवतं, दुसरं उतरवतं. तीच हिरवी पट्टी, तीच तांब्याची कॉइल, व्होल्टेज ठरवणारा तोच पितळी स्क्रू. म्हणून चढवणाऱ्यावर मी लाल नेलपॉलिश लावलं होतं. दोन्ही कामं करणारं तिसरं घ्यायचं, घ्यायचं म्हणत राहूनच गेलं.

"ठिपका नाहीये गं," तो म्हणाला. "काल टेबल आवरताना मी सगळं थिनरने पुसलं. किती कळकट दिसत होतं."

काय बोलावं अशा माणसाला? तो पुढे बोलतच होता.

"एक लावून बघितलं. मशीन अजून स्वतःच्याच बॅटरीवर आहे. दुसरं लावतो."

"लावू नकोस. सर्किटची मशीनकडे जाणारी वायर आधी काढ. बॅटरी जोड आणि पलीकडच्या टोकाला मीटर लाव."

मागून बाबांचा खोकला ऐकू आला. मग मशीनची शिट्टी सुरू झाली, थांबायच्या आधी वाजते ती.

"पहिल्यावर पाच आलेत."

"ते उतरवणारं. बाजूला ठेव. दुसरं?"

टेबलावर मीटर सरकल्याचा आवाज आला.

"चौतीस."

चौतीसवर मशीन जळलंच असतं. "डावीकडे फिरव स्क्रू. पुष्कळ फिरवावा लागतो, घाई करू नकोस. आकडा बोलत राहा."

"तेहेतीस. एकतीस. अगं, बाबांचे ओठ..."

"बाबांकडे बघू नकोस, मीटरकडे बघ." कुठल्या तोंडाने म्हटलं मी हे, माझं मलाच माहीत.

"अठ्ठावीस. सव्वीस. चोवीस."

"आता जोड. लाल वायर लालला."

शिट्टी थांबली. मी जीव मुठीत धरून ऐकत राहिले. मग ती ओळखीची घरघर आली. एरवी तिच्यावर मी किती वैतागते.

घरी पोचले तेव्हा बाबा डोळे मिटून पडले होते, छाती नीट वरखाली होत होती. नवरा जमिनीवर बसला होता, मीटर अजून हातात.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "मी तो रंग पुसायला नको होता."

मी गप्प राहिले असते तर त्याला कधीच कळलं नसतं. पण मला राहवेना.

"रंग तू पुसलास. पण परवा घरी एका गिऱ्हाइकाचा ॲम्प्लिफायर तपासायला स्क्रू चौतीसवर मी नेला होता. परत आणायचा विसरले. लाल ठिपका असता, तर तू मीटर न लावताच जोडलं असतंस आणि मशीन जळलं असतं. मीच तसं जोडायला सांगितलं होतं."

त्याने मीटर खाली ठेवून माझा हात धरला.