करून राहिले

माहूरकडच्या माणसाला विचारा, काय चाललंय? तो म्हणेल, जेवून राहिलो. म्हणजे ताट समोर आहे, घास हातात आहे, अजून भात यायचाय. लातूरचा माणूस तेच 'जेवायलोय' म्हणतो. दोन्हीचा अर्थ एकच, काम चालू आहे. ह्यात न समजण्यासारखं काय आहे? पण पुण्याच्या माणसाला ते समजलं नाही, आणि भोगलं कुणी, तर निलंग्याच्या ईश्वरप्पानं. आठवलं की अजून डोकं फिरतं.

बुद्धप्रिया माहूरची. वडील साहेबराव एस.टी.त कंडक्टर, आई नागुबाई घर सांभाळणारी. पोरगी नांदेडला केमिस्ट्रीत एम.एस्सी. करत होती. आता नवा नियम असा की शेवटचं अख्खं वर्ष एखाद्या कंपनीत काढायचं, वर्षाअखेर तिथल्या साहेबानं शेरा द्यायचा, आणि त्या शेऱ्यावर पास-नापास. तिला लातूरच्या एमआयडीसीतली खोकल्याचं औषध बनवणारी कंपनी मिळाली. बातमी कळली तशी नागुबाईनं पौर्णिमेला विहारात खीर वाटली. गल्लीभर सांगत सुटली, पोरगी औषधाच्या कंपनीत लागून राहिली म्हणून. जणू उद्यापासून कंपनी हीच चालवणार होती.

कंपनीत तिला नाव नव्हतं. ए ट्रेनी, बाटल्या धू. ए ट्रेनी, ते मशीन पूस. सहा महिने झाले तरी अर्ध्या लॅबला तिचं आडनाव ठाऊक नव्हतं. तिला मॅडम म्हणणारा एकच माणूस, ईश्वरप्पा. औषधात जाणारा माल तोलून टाकीत ओतायचा, हे त्याचं काम. पन्नाशीला आलेला, कानावरचे केस पांढरे, कितीतरी वर्षं कंत्राटदाराच्या यादीवर राबणारा. पहिल्याच दिवशी त्यानं आपल्या डब्यातली अर्धी भाकरी तिच्यापुढं सरकवली आणि म्हणाला, खावा मॅडम, कॅन्टीनची भाजी तुम्हाला सोसायची न्हाई. तिला उगीचच गहिवरून आलं होतं.

ह्या दिवाळीला ईश्वरप्पा परमनंट होणार होता. कारखान्याचे मोठे साहेब, चाकूरचे बालाजी साहेब, त्यांनी स्वतः शब्द दिला होता. परमनंट झाल्यावर काय करणार, असं बुद्धप्रियानं एकदा विचारलं. रजा टाकणार, तो म्हणाला. पगारी रजा. कुठं जायचं न्हाई, कुणाचं लग्न न्हाई, मयत न्हाई. नुसतं घरी पडून राहायचं आणि तरी पगार चालू, हे कसं लागतं ते एकदा बघायचंय. हे सांगताना त्याचा चेहरा असा फुलायचा की ती मुद्दाम पुन्हापुन्हा विचारायची.

आणि मग तो शनिवार आला.

लॅबचे मुख्य वरद सर. पुण्याचे, बोलायला गोड, कुणावर आवाज चढवणार नाहीत. दर शनिवारी दुपारी गाडी काढून पुण्याला जायचे. त्या दिवशीही निघाले. ग्लिसरीनचे ड्रम आलेले होते. कंपनीचा नियम सरळ आहे. आलेल्या मालावर पिवळं लेबल लागतं, म्हणजे अजून तपासायचाय. लॅबनं तपासला, चांगला निघाला, की हिरवं. हिरव्याशिवाय थेंबसुद्धा टाकीत जायचा नाही. आता सकाळपासून कारखान्यातून लॅबला फोनवर फोन, टाकी रिकामी पडलीय, ग्लिसरीनचं लवकर बघा. आणि लॅबमध्ये कोण? एकटी बुद्धप्रिया. ट्रेनीनं एकट्यानं तपासणी करायची नाही असाही नियम आहे, पण ज्याच्या हाताखाली करायची तो रजेवर होता. तिनं नमुने घेतले आणि पाण्याच्या अंशाची तपासणी लावली.

तेवढ्यात वरद सरांचा फोन आला. गाडीतूनच.

"ग्लिसरीनचं झालं का गं?"

"हाव सर, करून राहिले."

"गुड," म्हणाले आणि फोन ठेवला.

आता बघा. तिनं सांगितलं, चालू आहे. तिच्याकडं वाक्याच्या तोंडी 'हाव' सहज येतो, त्यानं काही ठरत नसतं. सरांनी ऐकलं, हो, करून बसलेय. लगेच त्यांनी कारखान्यात फोन लावला, माल घ्या, हिरवं लेबल सोमवारी येऊन लावतो. ईश्वरप्पानं सुपरवायझरला विचारलं, लेबल पिवळंच दिसतंय की. सुपरवायझर म्हणाला, साहेबाचा फोन आलाय, ओत. सांगितल्यावर ईश्वरप्पानं ओतलं. दुसरं काय करणार होता तो?

इकडं तपासणीचा आकडा आला. पाणी लई जास्त. तिनं पुन्हा लावून बघितलं, तेच. ड्रमचं झाकण सैल राहिलं असणार, ग्लिसरीननं हवेतला ओलावा ओढला असणार. विष नव्हतं ते, कुणाच्या जिवावर येण्यातलं नव्हतं, पण त्याचं औषध पातळ झालं असतं, बाटलीत लवकर खराब झालं असतं. ती हातमोजे न काढताच कारखान्याकडं पळाली. ईश्वरप्पा शेवटचा ड्रम टाकीवर वाकवून उभा होता.

"कुणी सांगितलं ओतायला?" तिचा आवाज चिरकला.

"वरद सरांचा फोन आलता की," तो गांगरून म्हणाला. "तुम्हीच झालं म्हणलाव म्हणं."

तिथल्या तिथं तिला सगळं उमगलं.

सोमवारी अख्खी टाकी सांडपाण्यात सोडली आणि चौकशी बसली. औषधाच्या कंपनीत काहीही बिघडलं की त्याचं कारण शोधावं लागतं, आणि ते कुणाच्या तरी नावावर मांडावं लागतं. चौकशीला मुग्धा मॅडम होत्या. गुणवत्तेचं सगळं खातं त्यांचं, त्यांच्या सहीशिवाय बाहेर बाटली जात नाही. बुद्धप्रियानं घाबरत घाबरत सगळं सांगितलं. 'करून राहिले' म्हणजे करत होते, हेही सांगितलं. वरद सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. अरे देवा, मला वाटलं करून बसलीस, म्हणाले. मग, खोटं कशाला बोलावं, माणूस वाईट नव्हता, सरळ म्हणाले, चूक माझी आहे, मी फोनवर माल सोडायलाच नको होता.

इथं सगळं मिटायला पाहिजे होतं. पण मुग्धा मॅडमनी पेन खाली ठेवलं. शांतपणे समजावून सांगितलं, चौथीच्या पोरांना सांगावं तसं. पुढच्या आठवड्यात बाहेरची सरकारी तपासणी यायची आहे. लॅबचा मुख्य गाडीतून फोनवर माल सोडतो, हे कागदावर आलं तर कारखान्याला टाळं लागेल. तीनशे माणसं घरी बसतील. तेव्हा फोन झालाच नाही. फोन नाही म्हटल्यावर वरदचा संबंध उरला नाही. आता राहिलं काय, तर पिवळ्या लेबलाचा ड्रम आणि तो ओतणारा माणूस.

बुद्धप्रिया मधेच बोलली. माझं नाव लिहा, म्हणाली. मी नीट बोलले नाही, माझ्यामुळं झालं.

मुग्धा मॅडमनी तिच्याकडं मायेनंच बघितलं. तेच जास्त लागलं.

"तुझं नाव कसं लिहिणार?" त्या म्हणाल्या. "ट्रेनीला एकटीला काम करता येत नाही. त्या दिवशी तू लॅबमध्ये नव्हतीसच."

म्हणजे बघा कशी गंमत. चूक कबूल करायला दोन माणसं हात जोडून उभी, आणि खापर फुटलं तिसऱ्याच्या डोक्यावर. ईश्वरप्पाला आत बोलावलंसुद्धा नाही. परमनंटच्या यादीतून त्याचं नाव उडालं. बाहेरची तपासणी होईपर्यंत अंगण झाडायचं काम दिलं, आणि तपासणीवाल्यांनी चौकशीचा अहवाल मान्य केला की कार्ड बंद, म्हणजे नोकरी गेली. त्याला हे कंत्राटदाराच्या मुकादमानं फाटकापाशी सांगितलं.

बुद्धप्रिया जिथं जाता येईल तिथं जाऊन आली. वरद सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, बघतो काहीतरी. ते खरंच बघत असतील, पण त्यांनाही घरदार होतं, हप्ते होते. बालाजी साहेबांनी खुर्ची दिली, वडील काय करतात ते विचारलं, माहूरच्या घाटातल्या रस्त्याची चौकशी केली आणि अभ्यासात लक्ष घाल म्हणाले. नांदेडच्या तिच्या सरांना फोन केला तर ते वैतागले, अगं, आधी तुझं वर्ष तर पूर्ण कर. शेरा वरदच देणार आहे ना? सगळेच गोड बोलत होते. एखादा जरी अंगावर धावून आला असता तरी तिला भांडता आलं असतं.

तपासणीच्या आदल्या दिवशी ईश्वरप्पा लॅबच्या मागच्या दारापाशी झाडू घेऊन उभा होता. इकडंतिकडं बघून जवळ आला.

"उद्या बाहेरचे साहेब येणारेत," तो म्हणाला. "त्यांच्या कानावर तेवढं घाला की मॅडम. फोन आलता, एवढंच. मला कोण इचारणार? तुमच्याशिवाय सांगणारं कोण हाय?"

"सांगते," ती म्हणाली. आणि तेव्हा तिच्या मनात खरोखर तसंच होतं.

दुसऱ्या दिवशी आले ते साहेब नव्हते, बाई निघाल्या. उमादेवी, हैदराबादेकडच्या, साधी सुती साडी, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. मुग्धा मॅडमनी आठवडाभर सगळ्यांकडून घोकून घेतलं होतं, विचारतील तेवढंच बोला, वर एक शब्द नको. उमादेवी टेबलाटेबलापाशी थांबत आल्या. त्यांच्यामागं मुग्धा मॅडम, मागं वरद सर. बुद्धप्रियापाशी त्या जरा जास्तच थांबल्या. काय शिकलीस, कोणत्या गावची, असं हिंदीत विचारलं. माहूर म्हणताच हसल्या, लहानपणी गडावर आलेल्या होत्या म्हणे. पाण्याची तपासणी कशी करतेस ते दाखव म्हणाल्या. तिनं दाखवली. झाल्यावर त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, बेटा, आणखी काही सांगायचंय का?

खिडकीतून अंगण दिसत होतं. ईश्वरप्पा झाडत होता. आज त्यानं इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. झाडणाऱ्यानं कशाला घालावा पांढरा शर्ट? आत बोलावतील असं त्याला वाटलं असणार, दुसरं काय.

आणि त्याच क्षणी तिच्या लक्षात आलं की ह्या बाईला तो शब्द समजावून सांगावा लागणारच नाही. हिंदीत तो जशाला तसा आहे. 'कर रही हूँ.' एवढंच तर ती म्हणाली होती. इतक्या दिवसांत हे पहिलं माणूस होतं ज्याला एका वाक्यात सगळं कळलं असतं. वाक्य ओठापर्यंत आलं. मागं वरद सर मान खाली घालून उभे होते. त्यांच्या हातात तिचा शेरा होता. विहारातली खीर होती, गल्लीभर सांगत सुटलेली आई होती, तीनशे माणसांची टाळं लागलेली कंपनी होती.

"नहीं मॅडम," ती म्हणाली.

उमादेवींनी क्षणभर वाट बघितली. मग पुढच्या टेबलाकडं गेल्या. चार वाजता त्यांनी सगळ्या अहवालांवर सह्या केल्या, आणि मुग्धा मॅडमनी लॅबमध्ये पेढे वाटले. बुद्धप्रियानं पेढा रुमालात गुंडाळून ठेवला, तिला तो गिळवला नसता.

सुटी झाल्यावर ती मुद्दाम उशिरा निघाली. पण फाटकासमोरच्या टपरीवर ईश्वरप्पा बसलेलाच होता. त्याच्या गळ्यात कार्ड नव्हतं. तिला बघून तो उठला आणि न विचारता दोन चहा सांगितले.

"सांगितलाव का, मॅडम?"

तिला खूप बोलायचं होतं. दातखीळ बसली, सर मागं होते, माझं वर्ष आहे, मला माफ करा.

"सांगायचं राहिलं," ती म्हणाली.

ह्या 'राहिलं'चा अर्थ माहूरपासून पुण्यापर्यंत एकच आहे. ईश्वरप्पाला तो लगेच कळला. निलंग्याची गाडी धूळ उडवत गेली. पांढऱ्या शर्टाच्या बाहीला लागलेली माती त्यानं सावकाश झटकली, आणि मग तिच्याकडं वळला. राग असता तर बरं झालं असतं.

"राहू द्या, मॅडम," तो म्हणाला. "च्या घ्या. निवायलाय."