आर्डिसने किल्ली काढून घेतली

अँब्युलन्सच्या खालून सरपटत बाहेर येऊन गावाची मेकॅनिक आर्डिस पेल्की म्हणाली, "गाडी चालवायला ठीक आहे, अशी सही मी करणार नाही."

आमच्या अग्निशमन दलाचा प्रमुख रोलँड मिशो कंपनीचं पत्र हातात घेऊन उभा होता. या बनावटीच्या गाड्यांच्या ब्रेकच्या मास्टर सिलेंडरमधलं सील सदोष आहे, ब्रेक एखाद्या वेळी अचानक लागणार नाही, म्हणून गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावत आहोत, असं त्यात लिहिलं होतं. नवा सिलेंडर मात्र सहा आठवड्यांनी येणार होता. तोवर गाडी चालवायची की नाही, याबद्दल पत्रात अवाक्षर नव्हतं.

रोलँडने आवारात दहा वेळा ब्रेक मारून पाहिला. दहाही वेळा लागला. आर्डिसने पाहिला तेव्हा सातव्या खेपेला पेडल पायाखाली अर्धं बसलं आणि मग धरलं. पुन्हा काही तसं झालं नाही.

"एकदाच ना?" रोलँड म्हणाला.

"नदीच्या उतारावर एकदाच पुरतं."

गावाला अँब्युलन्स एवढी एकच. दुसरी शेजारच्या कॅरो गावात, बर्फ नसेल तेव्हा अर्ध्या तासावर. रोलँडने आसपासच्या सगळ्या गावांना फोन करून जादा गाडी मागितली; कुणाकडेच नव्हती. एकतीस वर्षं गावाच्या गॅरेजमध्ये काढलेल्या आर्डिसला जास्त बोलायची सवय नव्हती, आणि तिच्याशी हुज्जत घालायची सवय कुणाला नव्हती. तिने किल्ली काढून जाकिटाच्या खिशात टाकली.

बाराव्या दिवशी सकाळी एमरी थिबोडो दारासमोरचा बर्फ उपसता उपसता छाती धरून खाली कोसळला. दलातले दोघं चार मिनिटांत आपल्या गाडीने पोहोचले. ते आळीपाळीने त्याची छाती दाबत राहिले. कॅरोची अँब्युलन्स यायला चौतीस मिनिटं लागली. एमरी तोवर तग धरून होता. त्याला नेताना गाडी पुलावर असतानाच त्याचा प्राण गेला. हॉस्पिटल तिथून नऊ मिनिटांवर.

आर्डिसला तोंडावर कुणी काही बोललं नाही. एमरीच्या अंत्यविधीला चर्चमध्ये ती शेवटच्या बाकावर बसली, तेव्हा शेजारच्यांनी तिला लागते त्यापेक्षा जास्त जागा करून दिली. बाहेर पायऱ्यांवर रोलँड तिच्याजवळ येऊन थांबला.

"तू बरोबर असशीलही," तो म्हणाला. "पण आता एमरीच्या बायकोकडे, लुसिलच्या घरी, मला जायचंय. तुला नाही."

एरवी दलातली माणसं कॉफीला गॅरेजमध्ये डोकावायची. ती यायची थांबली. आर्डिस बर्फ काढायच्या गाड्या दुरुस्त करत राहिली. पुढे तिच्या बहिणीने आम्हाला सांगितलं, की त्या दिवसांत ती जेवता जेवता मध्येच उठायची आणि विचारायची, मी चालवू दिली असती तर?

सहाव्या आठवड्यात सिलेंडर आला. तिने जुना काढून उघडून पाहिला. सीलची एक कड फुगली होती. ते दुसऱ्या दिवशी सुटलं असतं, किंवा पाच वर्षं टिकलंही असतं. तिने ते कंपनीला परत पाठवायच्या खोक्यात ठेवलं.

नवा सिलेंडर बसवून होतोय तोच लुसिल थिबोडो दारात आली. वय चौऱ्याहत्तर. घरापासून चालत आली होती. आर्डिसने स्टूल पुसून पुढे केलं, पण ती बसली नाही.

"सगळे मला सांगतात, तो तसाही गेलाच असता," लुसिल म्हणाली. "तू काही सांगायला आली नाहीस. म्हणून मीच विचारायला आले. त्या दिवशी ही गाडी पोहोचली असती का?"

आर्डिसने हात पुसले. फडकं बाजूला ठेवलं.

"बहुतेक पोहोचली असती, मिसेस थिबोडो."

"आणि तरी तू किल्ली दिली नसतीस."

"नसती दिली."

लुसिलने गाडीकडे पाहिलं. मग आता काय राहिलंय, असं विचारलं. आर्डिसने सांगितलं, की ब्रेकच्या तेलाच्या नळ्यांतली हवा काढायची आहे, त्याला दोन माणसं लागतात. एकाने वर बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने खालून स्क्रू सोडायचा. रोलँडला निरोप धाडलाय, अजून कुणी आलं नाही.

लुसिलने कोट काढून स्टुलावर ठेवला. वर चढायला तिला दोन प्रयत्न लागले. पाय पोहोचावा म्हणून ती सीटच्या अगदी कडेला बसली.

आर्डिस गाडीखाली शिरली.

"दाबा. धरून ठेवा. सोडा."

चारही चाकं व्हायला तास लागला. शेवटच्या चाकातून बुडबुडे यायचे थांबले, स्वच्छ तेल आलं, तेव्हा आर्डिसने स्क्रू आवळला.

"झालं," ती म्हणाली.

वरून काही हालचाल झाली नाही. ती बाहेर येऊन उभी राहिली. लुसिल दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून समोर बघत बसली होती, आणि पेडल तिने अजून तळापर्यंत दाबून धरलं होतं.