मास्तरांच्या नावाचं पाकीट

मित्रांनो, मी एक जुना टाक आहे. माझे भाईबंद आपली कहाणी सांगताना शेवटी सगळ्यांना क्षमा करून मोकळे होतात. मी तसा नाही. माझा स्वभाव खुनशी आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म दौंडचा. रेल्वेच्या डब्याच्या दुरुस्तीतून उरलेला सागाचा एक तुकडा विल्यम सुतारांनी कातला, गुळगुळीत केला आणि टोकाला निब बसवायची सोय केली. शिरूरला त्यांचे मेहुणे होते, बन्यामीन मास्तर. ख्रिस्ती आळीत राहायचे, शाळेत शिकवायचे. त्यांना मी भेट म्हणून गेलो. पण माझं नशीब उघडलं ते मास्तरांची मुलगी दबोरा हिच्या हातात.

काय अक्षर होतं तिचं! लग्नसराई आली की गावातल्या पत्रिकांची पाकिटं आमच्या ओसरीवर येऊन पडायची. दबोरा पुठ्ठ्याच्या पट्टीवर गडद रेघा आखून ती पट्टी पाकिटात सरकवायची. रेघा वर पुसट दिसायच्या आणि त्या धरून मी चालायचो. मोठ्या माणसाला रा. रा., विधवेला गं. भा., ज्याचा मान त्याला. आणि जिथं खरा घरोबा असेल त्या पाकिटाच्या कोपऱ्यात एक शब्द यायचा, चूलबंद. म्हणजे त्या दिवशी त्या घरानं चूल पेटवायचीच नाही, लहानथोर सगळ्यांनी जेवायला यायचं. बाकीच्यांना घरटी एक माणूस. तो एक शब्द कुणाला मिळाला आणि कुणाला नाही, यावरून भावाभावांत अबोला धरलेला मी पाहिला आहे.

भुसार मालाचे व्यापारी सर्जेराव यांच्या थोरल्या मुलीचं लग्न निघालं, तेव्हा सगळी पाकिटं दबोरानंच लिहिली. शेवटचं पाकीट झालं तरी आमच्या घराचं नाव आलं नाही. तिनं हसत विचारलं तेव्हा सर्जेराव म्हणाले, "तू घरचीच पोर. तुला गं कसलं पाकीट? मास्तरांना घिऊन ये."

मास्तर हरखले. ठेवणीतला काळा कोट काढला आणि निब पुसून मला वरच्या खिशात खोचलं. शिक्षकाचा खिसा रिकामा शोभत नाही, असं ते म्हणायचे. म्हणून पुढचं सगळं मी छातीपाशी राहून पाहिलं. मास्तर पंगतीत बसले, पानावर भात वाढला गेला, तोच सर्जेराव आले आणि भर पंगतीत म्हणाले, "मास्तर, हितनं उठा. तुमच्या आळीचं पान तिकडं गोठ्यापाशी वाढलंय. पावण्यांना चालायचं न्हाई."

मास्तर उठले. त्यांचं काळीज कसं धडधडत होतं ते खिशात मला ऐकू येत होतं. ते गोठ्याकडे गेले नाहीत, सरळ घरी आले. त्यानंतर ते कुणाच्याच लग्नाला गेले नाहीत. कोट खुंटीला तसाच राहिला. दबोरा मात्र जळत राहिली, आणि तिच्याबरोबर मीही.

मारणारा विसरतो, ज्याला लागतं तो विसरत नाही. काही वर्षांनी सर्जेरावांच्या मुलाचं लग्न ठरलं. व्याही दौंडचे पोपटराव, मोठे रेल्वे कंत्राटदार. लग्न सर्जेरावांच्या दारी व्हायचं होतं. सर्जेराव काही घडलंच नाही अशा थाटात पत्रिका घेऊन आमच्या ओसरीवर हजर!

"दबोरा, अक्षर असं काढ की दौंडकरांनी बघत ऱ्हावं."

मी मनात म्हटलं, काढतो. त्या दौंडच्या व्याह्यांच्या नावावर असा ठिपका टाकतो की बघतच राहाल. दबोरानं शांतपणे विचारलं, "मामा, तुमच्या ध्यानातनं कुणी राहिलं असंल तर त्यांची पाकिटं लिहू का?"

"लिही की! गाव तुला पाठ हाय. कुणाचा रुसवा नगं."

त्यांनी जास्तीच्या पत्रिकाही ठेवल्या आणि गेले. दबोरानं मला दौतीत बुडवलं आणि माझ्याकडे रोखून पाहिलं. "आज एक जरी ठिपका पाडलास ना, तर चुलीत घालीन तुला." मला तिचा बेत कळला नव्हता, पण आवाज कळला. मी निमूट चाललो. सांगितलेली पाकिटं संपल्यावर तिनं एक नवं पाकीट ओढलं आणि लिहिलं, रा. रा. बन्यामीन मास्तर. कोपऱ्यात चूलबंद. मग शेजारच्या कृपाबाई, मग हेन्री फिटर, अशी आमची सगळी आळी. सगळ्यांना चूलबंद! मित्रांनो, तेव्हा मला जी गोडी लागली ती नुसत्या ठिपक्यात कुठली?

पाकिटांना कुंकू लावायचं काम सर्जेरावांच्या घरी वच्छलाबाईंचं, म्हणजे त्यांच्या पत्नीचं. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी आपल्या हातानं आमच्या आळीच्या पाकिटांनाही कुंकू लावलं आणि त्यांच्याच गड्यानं ती दारोदार पोचती केली.

मास्तर यायला तयार होईनात. "पुन्हा उठवलं तर, पोरी? आता सोसायचं न्हाई मला."

"आता पाकीट हाय, बाबा. बोलावल्याशिवाय जात न्हाई आपण."

तिनंच कोट खुंटीवरून काढून झटकला आणि मला पुन्हा वरच्या खिशात खोचलं. बापाला दुसऱ्यांदा उठवलं असतं तर त्याचं पाप तिच्या माथी होतं.

मांडवाच्या दारात सर्जेराव आणि पोपटराव पाहुण्यांना या-बसा करत उभे होते. आमची आळी नवे कपडे घालून येताना दिसली आणि सर्जेरावांचा चेहरा पडला. "मास्तर, तुमी... तिकडं..." एवढं ते बोलले, तोच मास्तरांनी पाकीट पुढं केलं. ते पोपटरावांनी घेतलं.

"आरं वा! आमच्या पाकिटावरबी हेच अक्षर हाय. कुणाचं म्हणायचं हे?"

"माझ्या लेकीचं," मास्तर म्हणाले.

"आन् चूलबंद! व्याही, लई घरोबा दिसतोय तुमचा. या मास्तर, माझ्या शेजारी बसा."

व्याह्यासमोर सर्जेराव काय बोलणार? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! आमची आळी पहिल्या पंगतीत बसली. यजमान म्हणून सर्जेरावांना बुंदीची परात घेऊन वाकावं लागलं. मास्तरांनी "पुरे" म्हटलं नाही. तीनदा वाढून घेतलं. मी खिशातून सर्जेरावांच्या टाळूवरचा घाम पाहत होतो आणि मला अतिशय आनंद होत होता.

पुढं धाकट्या मुलीच्या लग्नाला सर्जेराव पुन्हा आले, खाली मान घालून. दबोरानं मला त्यांच्या हातात दिलं. "पहिलं पाकीट तुमी लिवा, मामा. बाबांचं."

अक्षर वेडंवाकडं आलं, पण त्यांनी लिहिलं. चूलबंदसुद्धा लिहिलं. तो शब्द पुरा झाला आणि इतकी वर्षं पोटात धरून ठेवलेला ठिपका मी त्यांच्या शुभ्र धोतरावर सोडला. या वेळी दबोरा मला रागावली नाही.

आता बाजारात बॉलपेनं आली आहेत. मी बटणांच्या डब्यात पडून असतो. निबवर गंज चढला आहे. सोबतीला ते वेडंवाकडं पाकीट आहे. मित्रांनो, टाक वापरून झाला की निब पुसून ठेवत जा. आणि ज्याच्याकडून शंभरांची नावं लिहून घेता, त्याच्या नावाचं पाकीट आधी लिहा. नाहीतर आम्ही वाट पाहतो. वच्छलाबाईंनी त्या डागाला लिंबू चोळलं, ताक चोळलं, उन्हात वाळवलं. कृपाबाई सांगत होत्या, धोतर विरलं, पण डाग गेला नाही.