माझ्या पोटावरची दोन नावं

मी एक जुना पितळी तांब्या आहे, मित्रांनो, पण जुना म्हणून मला हलक्यात घेऊ नका. तुमच्या प्लास्टिकच्या बाटल्या एक उन्हाळा टिकत नाहीत. मी सत्यभामाबाईंच्या लग्नापासून तेलगावच्या या घरात आहे. त्यांच्या आईने मला रुखवतात दिलं आणि माझ्या पोटावर टिंबाटिंबांनी लेकीचं नाव घातलं. दारात कोणीही येवो, आधी मी पाणी घेऊन पुढे जातो, मग पाहुणे कुठले ते विचारतात. असा माझा मान!

गेल्या उन्हाळ्यात त्यांचा मुलगा विजयसिंह केनियाहून बायको घेऊन आला. तो तिकडे साखर कारखान्यात होता, तिथेच त्याचं अकिनीशी लग्न झालं. मुंबईपासून बीडपर्यंत अकिनीचं इंग्रजीवर झकास निभावलं. बँकेत इंग्रजी चालली, मेडिकलवालाही 'यस मॅडम' म्हणाला. आमच्या उंबऱ्याशी मात्र गाडी अडली. बांगडीवाला दखनी बोलतो, लमाणांच्या बाया गोरमाटी, आणि सत्यभामाबाईंची मराठी तर खणखणीत! बिचारी सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहायची.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. उन्हातून आलेल्या अकिनीच्या हातात मला दिलं. आमच्याकडे तांब्याला ओठ न लावता वरून पाणी पितात. हे तिला कोणी सांगितलंच नाही! तिने मला ओठ लावले आणि घटाघटा प्यायली.

"अगं बाई! माझ्या आईचा तांब्या उष्टा केला की गं!" सत्यभामाबाई ओरडल्या. मग मुलाला म्हणाल्या, "त्यो तांब्या राहू दे आता तिलाच. दिवाळीपर्यंत या घरात जमलं तर जमलं, न्हाईतर माजलगावात खोली बघा."

मी अकिनीच्या खोलीत गेलो. खरं सांगतो, मला भारी वाईट वाटलं. पण या पोरीने मला रोज चिंचेने असं घासलं की मी आरशासारखा लखलखू लागलो. विजयसिंहाने उष्ट्याचं समजावल्यावर परसात उभी राहून ती वरून पाणी प्यायला शिकायची. पाणी नाकात जायचं, ठसका लागायचा, हसायची आणि पुन्हा मला उचलायची. तिला याच घरात राहायचं होतं.

एकदा सत्यभामाबाई लेकीला, राजनंदिनीला म्हणाल्या, "लई तोरा हाय तिला. सदा आपली इंग्रजी!"

"आई, ती काय तिच्या आईची भाषा हाय व्हय? माझ्यासारखी शाळंत शिकली ती. तिच्या घरी लुओ बोलत्यात, बाजारात स्वाहिली. हितं दुसरं काई येत न्हाई, म्हणून इंग्रजीवर भागवती."

सत्यभामाबाईंनी परसात ठसकणाऱ्या अकिनीकडे वळून पाहिलं.

दिवाळी तोंडावर आली. एका दुपारी त्या शेजारच्या साखराबाईंबरोबर कापूस वेचून आल्या आणि ओसरीवर मटकन बसल्या. घसा कोरडा पडलेला. अकिनी मला भरून धावली, आणि मध्येच थबकली. मी उष्टा ना!

"आई, वेट, वेट," म्हणत ती दुसरं भांडं आणायला वळली.

"आण इकडं! कावून थांबलीस?" सत्यभामाबाईंनी मला तिच्या हातातून ओढलं आणि सरळ तोंडाला लावलं.

"अवो, उष्टा हाय त्यो!" साखराबाई म्हणाल्या.

"लेकीचं उष्टं आईला कवा बाधलंय?"

अकिनीला शब्द कळले नाहीत, पण ती सत्यभामाबाईंजवळ बसून रडली. मीही रडलो असतो, पण तांब्याला ते जमत नाही.

पाडव्याला भांड्यांवर नावं घालणारा आला. सत्यभामाबाईंनी मला स्वतः त्याच्यापुढे ठेवलं. आज माझ्या पोटावर दोन नावं आहेत, सत्यभामा आणि खाली अकिनी. माजलगावच्या खोलीचा विषय पुन्हा निघाला नाही. आणि सत्यभामाबाई साऱ्या तेलगावात सांगत सुटल्यात, "माझी सून तीन भाषा बोलती, चौथी शिकती!"

मित्रांनो, परमुलखाचं माणूस दारी आलं तर त्याची भाषा येत नाही म्हणून बावरू नका. आधी पाणी द्या, आणि आपल्याकडे ते कसं पितात ते हसत दाखवा. घरातला जुना तांब्याही अडगळीत टाकू नका. माझ्या पोटावर अजून एका नावापुरती जागा आहे.