तिसऱ्या खिडकीतला कूलर

मित्रांनो, मला चर्चला देण्यात रत्नाकरराव साळव्यांचा काय फायदा होता, तो हिशेब आधी सांगतो. मी छावणीतल्या चर्चचा जुना पत्र्याचा कूलर. माझी जागा तिसऱ्या खिडकीत, आणि त्या खिडकीसमोरचा बाक रत्नाकररावांचा. दर रविवारी पहिला वारा कोणाला लागायचा, हे तुम्हीच ओळखा. शिवाय माझ्या अंगावर रंगवलेलं होतं, 'साळवे कुटुंबाकडून' वीतभर अक्षरांत आणि 'देवाच्या गौरवासाठी' बोटभर.

माणूस वाईट नव्हता हो. निवृत्त कारकून, चर्चच्या मंडळीतले मानाचे 'वडील', प्रार्थना लांबलचक पण मनापासून करणारे. फक्त देवाला दिलेल्या वस्तूची पोच त्यांना इथंच हवी असायची.

शहागंजातल्या एका कारागिराने पत्रा ठोकून मला घडवलं, तिन्ही बाजूंना वाळा भरला. पहिले उन्हाळे कौतुकात गेले. "साळवेकाका, तुमच्यामुळं प्रवचन सोसवतं," असं लोक म्हणायचे आणि पाळकसाहेब ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. बाकी सहा दिवस मी कुलपात, चिमण्यांची भांडणं ऐकत.

मग तो मे महिना आला. चर्चमागच्या गल्लीत पत्र्याच्या खोलीत मालनबाई राहायच्या. मांडीचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेल्या. घामाने आणि सतत पडून राहण्याने पाठीला जखमा झाल्या होत्या. पाठ कोरडी राहिली नाही तर जखमा चिघळतील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मुलगा संघपाल बिडकीनला कंपनीत जायचा. सून निशा दिवसभर पुठ्ठ्याने वारा घालायची.

रत्नाकररावांच्या पत्नी करुणाबाईंनी ती पाठ पाहिली आणि घरी येऊन नवऱ्यासमोर ताट ठेवता ठेवता विषय काढला.

"अहो, मालनबाईंची पाठ सोलून निघालीय. कूलर सहा दिवस कुलपातच असतो ना?"

"तो चर्चचा आहे, करुणा."

"पाळकसाहेब नाही म्हणणार नाहीत. तुम्ही म्हणाल, म्हणून आधी तुम्हाला विचारलं."

रत्नाकररावांनी दोन घास जास्तच चावले. एरवीचे रविवार पंख्यावर भागवू, म्हणाले; पण बिशपसाहेब येतील त्या रविवारी कूलर जागेवर पाहिजे. त्या दिवशी देणगीदारांना शाल मिळणार होती.

हातगाड्यावरून मी मालनबाईंच्या दारात उतरलो. निशा दार अडवूनच उभी राहिली. "काका, ह्याच्यापायी प्रार्थनेला यावं लागंल का? आम्ही बुद्धाला मानणारी माणसं."

रत्नाकरराव घसा साफ करू लागले, तोवर करुणाबाई म्हणाल्या, "नाय गं. कूलर वारा घालतो, बाप्तिस्मा देत नाय."

निशा हसली आणि तिने खाट सरकवून मला जागा केली.

पण मला वाऱ्यापेक्षा पाणी जास्त लागतं, आणि आमच्या शहरात नळ येतो तो सणासारखा. निशाकडे साठवायला जेमतेम दोन हंडे. म्हणून करुणाबाई सकाळ-संध्याकाळ आपल्या ड्रमातली कळशी खांद्यावर घेऊन यायच्या. "काकू, तुमच्या घरी काय उरलं?" निशा विचारायची. "साळव्यांची आंघोळ," करुणाबाई म्हणायच्या, "ती उद्या झाली तरी चालते."

मालनबाईंना दुपारची झोप लागू लागली. जखमा सुकायला लागल्या.

आणि बिशपसाहेबांच्या रविवारची आदली संध्याकाळ आली. रत्नाकरराव हातगाडा घेऊन हजर. निशाने वाद घातला नाही. उलट म्हणाली, "थांबा काका, पाणी काढते. नायतर जड होईल तुम्हाला." तिने माझं बटण बंद केलं आणि बादली लावून माझं पाणी थेंब न सांडता काढू लागली. रत्नाकरराव बघत राहिले. त्यांना भांडण झालेलं परवडलं असतं.

वारा थांबला तशी मालनबाईंना जाग आली. "निशे, लाइट गेली का गं?"

उत्तर रत्नाकररावांनी दिलं. "व्हय मावशी. आता येईल. झोपा तुम्ही."

त्यांनी बादली उचलली, पाणी परत माझ्यात ओतलं आणि बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये बिशपसाहेबांचा झगा पाठीला चिकटला. शाल देताना त्यांनी विचारलं म्हणे, "साळवे, कूलर कुठंय?"

"मागच्या गल्लीत सेवेला गेलाय, साहेब."

सगळी मंडळी हसली. बिशपसाहेबांनी उपदेश आटोपता घेतला, हा लोकांचा जादा फायदा.

पावसाळ्याच्या तोंडावर मालनबाई काठी टेकत उंबऱ्याशी येऊन बसल्या. आता माझा तळ गंजलाय, वाळा काळा पडलाय. मित्रांनो, एवढंच मागणं आहे. हंगाम संपला की माझ्यासारख्याचं पाणी काढून आम्हाला कोरडं ठेवत जा. आणि कोणाला वस्तू द्याल तेव्हा तिच्यात रोज पाणी कोण भरणार, हेही घरात विचारा.

रत्नाकररावांचं नाव मंडळीत आजही निघतं, आणि त्या संध्याकाळपुरतं तरी ते त्यांनी कमावलंय. बाकी हिशेब सरळ आहे. गारवा मालनबाईंना मिळाला, शाल साळव्यांना. मोल भरलं ते करुणाबाईंच्या उजव्या खांद्यानं. तो अजून वर होत नाही.