भाई इम्मानुएल यांचा लाल पेला

त्या दिवाळीत बऱ्हाणपूरजवळच्या लालबागच्या छोट्या मिशन-देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी रविवारच्या उपासनेला वीस-पंचवीस डोकी जमत, त्यातली निम्मी उपदेश सुरू झाला की डुलक्या घेत. पण त्या आठवड्यात शहराच्या पेठांतून टांगे भरून लोक येत होते, खकनारकडच्या खेड्यांतून बैलगाड्या सुटल्या होत्या. ख्रिस्ती आले, हिंदू आले, आणि नुसते बघे तर खिडक्यांच्या गजांना लोंबकळत होते. कारण भाई इम्मानुएल नावाचे एक प्रचारक गावोगाव फिरत तिथे पोचले होते, आणि ते माणसाचं पाप डोळ्यांना दाखवत होते.

"बोलो भाइयो, पापाचा रंग कोणता?" भाई गर्जत.

"लाल!" लोक ओरडत.

"और माफीचा?"

"पांढरा!"

"तर मग या, ज्याला हिंमत असेल त्याने पुढे या!"

भाई आपल्या सुरईतून काचेच्या पेल्यात पाणी ओतत. पुढे आलेल्या माणसाचा हात आपल्या हातात धरून ते डोळे मिटून प्रार्थना करत. मग त्या माणसाने बोटं पेल्यात बुडवायची. कुणाचं पाणी स्वच्छच राही आणि तो नाक वर करून जागेवर जाई. कुणाचं पाणी मात्र बघता बघता डाळिंबाच्या रसासारखं लाल होई. बायका किंचाळत. पापी गुडघे टेकून रडे. मग भाई एका कुपीतून, येशूचा बाप्तिस्मा झाला त्या यार्देन नदीचं पाणी पेल्यात ओतत. बारीक बुडबुडे उठत ("पाहा, पाप जळतंय!" भाई सांगत) आणि लाल रंग नाहीसा होई. ते पाणी पापी माणसाने पिऊन टाकायचं. दुसऱ्या दिवशी त्याला सपाटून ढाळ लागत. भाई म्हणत, "पाप निघतंय. निघू द्या, अडवू नका."

ही गोष्ट साधारण सन पस्तीसची. मिशनच्या शाळेत तेव्हा दत्तात्रय साळवे नावाचे मास्तर होते. देवळाच्या पंचांपैकी एक, सचोटीचे आणि भाबडे. त्यांची मुलगी मालती नागपूरला कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होती आणि दिवाळीच्या सुटीला घरी आली होती. तिने नागपूरहून आणलेली सगळ्यात अवघड वस्तू म्हणजे तिचं मत. आपला देवावर विश्वास उरलेला नाही, असं तिने आईवडिलांना सरळ सांगून टाकलं होतं. ती देवळात जाई, भजनं गाई, कारण चाली तिला आवडत. पण प्रार्थनेला सगळे डोळे मिटत तेव्हा ही डोळे उघडे ठेवून बसे. मास्तरांना त्याचं फार दुःख होतं, आणि भाई त्यांच्याकडे जेवायला आले तेव्हा त्यांनी ते भोळेपणाने बोलून दाखवलं.

भाईंनी भाकरीचा तुकडा मोडता मोडता मालतीकडे पाहिलं. "बेटी, हवा दिसते का? तरी मानतेस ना?"

"हवा फुग्यात भरून तोलता येते, भाईजी," मालती म्हणाली.

भाई हसले, पण पुढचा घास त्यांनी जरा जोरात चावला.

घरात आणखी एक काळजी होती. मालतीची आई गोदाबाई हिवतापाने अंथरुणाला खिळली होती. दिवसाआड थंडी वाजून ताप चढे. पोस्टात विकत मिळणाऱ्या कोयनेलच्या पुड्यांनी उतार पडायला लागला होता, तेवढ्यात भाईंनी आजाऱ्यांसाठी उपदेश केला : दवा घेणं म्हणजे देवाच्या हातावर अविश्वास. गोदाबाईंनी पुड्या चुलीत टाकल्या. ताप परत चढला.

"भाईजी, हिचा ताप का हटत नाही?" मास्तरांनी भर सभेत विचारलं.

भाईंनी बराच वेळ डोळे मिटले. "तुमच्या घरात कुणी नाकारणारा आहे. त्याने वाट अडवली आहे."

सगळ्या माना मालतीकडे वळल्या. ती उठून पुढे गेली. न जाऊन काय करणार? भाईंनी कोटाच्या खिशात हात घालून रुमाल काढला, कपाळ पुसलं आणि उजव्या हाताने तिचा हात घट्ट धरला. सारी सभा डोळे मिटून पुटपुटत होती. मालतीने सवयीप्रमाणे डोळे उघडेच ठेवले होते. भाईंचा तळवा कोरडा आणि खरखरीत लागला. हात सुटल्यावर तिने शिसारीने तो पांढऱ्या पदराला पुसला आणि बोटं पेल्यात बुडवली.

पाणी लालभडक झालं.

"मायबाई!" पुढच्या रांगेतली, स्वतःही पेला पिऊन शुद्ध झालेली भागाबाई ओरडली. "मास्तरनी पोरगी, इतलं पाप!"

"कबूल कर, बेटी," भाई हळुवार आवाजात म्हणाले.

"काय कबूल करू? मी काही केलेलं नाही."

भाईंनी यार्देनची कुपी खिशात ठेवून दिली. तो लाल पेला तसाच टेबलावर राहिला आणि लोक त्याच्याकडे बघत बघत घरी गेले.

खरं सांगायचं तर मालतीही हादरली होती. शिकलेली असली तरी आपल्याच बोटांखाली पाणी लाल होताना बघणं सोपं नसतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती आईच्या उशाशी बसली. गोदाबाई दोन गोधड्यांखाली कुडकुडत होत्या.

"मालू, एकदा म्हणून टाक ना, मी मानते म्हणून."

"खोटं म्हणू?"

"म्हण."

"खोटं बोलणं पाप ना, आई?"

"ते मी माझ्या अंगावर घेते," आई म्हणाली. तिचे दात वाजत होते.

मालती उठून परसात गेली. रडू यायला लागलं होतं आणि ते आईला दिसायला नको होतं. हाताला काही काम हवं म्हणून तिने कालचं लुगडं धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजवलं, आणि तिचं रडू थांबलं. पदरावर, नेमकं जिथे तिने हात पुसला होता तिथे, गुलाबी बोटं उमटली होती. ती पळत जाऊन लिंबू घेऊन आली. पिळलं तर डाग गेला. पुन्हा सोडा, पुन्हा गुलाबी.

हा रंग तिने कॉलेजात कितीदा तरी पाहिला होता. एक पांढरी पूड असते. आंबट पाण्यात तिला रंग नसतो, सोड्याच्या पाण्यात ती लाल होते. तीच पूड औषधवाले जुलाबासाठी विकतात, हे आठवलं तेव्हा मालती एकटीच परसात मोठ्याने हसली. भाई रुमाल काढायला खिशात हात घालत तो खरं तर तळव्याला पूड लावायला, हेही तिला आता कळलं. ज्यांना पापी ठरवायचं त्यांचा हात ते उजव्या हाताने धरत होते, आणि बाकीच्यांचा डाव्या.

"बाबा," ती घरात येऊन म्हणाली, "आज मी पुन्हा पुढे जाणार आहे."

मास्तरांचे डोळे भरून आले. त्यांनी ठेवणीतला कोट काढला. त्यांचा तो आनंद बघून मालतीला वाईट वाटलं. पण पलीकडच्या खोलीत आई कण्हत होती.

सभेत मालती उभी राहिली. भाईंनी खिशातून रुमाल काढला, कपाळ पुसलं. मालतीने आपण होऊन त्यांचा उजवा हात दोन्ही हातांत धरला. तिच्या तळव्यात सोड्याच्या पाण्यात भिजवलेला हातरुमाल दडवलेला होता.

"प्रार्थना करा, भाईजी. जरा लांब करा."

त्यांनी हात ओढून पाहिला, पण सगळ्या गावासमोर पश्चात्ताप करणाऱ्या मुलीला झिडकारणार कसे? सभेने डोळे मिटले. आमेन झालं, डोळे उघडले.

"आता हात वर करा," मालती म्हणाली आणि तिनेच तो वर उचलला.

भाईंचा तळवा लालबुंद झाला होता.

"अरे बाप रे!" लोटू नावाचा शेतकरी ओरडला. "भाईजी का हातच पापी निकला!"

"माझाही लाल झालाय, बघा," मालतीने आपला तळवा दाखवला. "यात पाप कुणाचंच नाही. पाळकसाहेब, त्यांचा खिसा बघा."

वृद्ध पाळक वसंतराव इतके दिवस आपल्याच देवळात कोपऱ्यात बसून होते. ते उठले, आणि भाईंच्या खिशातून त्यांनी पांढऱ्या पुडीची डबी काढली. मालतीने विहिरीचं ताजं पाणी मागवलं. त्यात पूड टाकली. काही झालं नाही. चिमूटभर सोडा टाकताच पाणी लाल झालं. लिंबू पिळलं, बुडबुडे उठले आणि रंग गेला.

"हेच तुमचं यार्देनचं पाणी. सोडा सुरईत असतो, आंबट कुपीत आणि पूड त्यांच्या हाताला."

"आणि मना पोटना काय?" भागाबाईने विचारलं. "दिवसभर परसाकडे धावू ऱ्हायनू मी!"

"मावशी, ती पूड जुलाबाची आहे."

देऊळ बांधल्यापासून तिथे एवढा हशा कधी पिकला नव्हता. सैतानाने या मुलीला धरलंय, असं भाई काहीतरी बोलत होते, पण ते कुणाला ऐकूच गेलं नाही. संध्याकाळच्या गाडीने ते गेले. सुरई तिथेच राहिली.

पाळकांनी गहिवरून हात जोडले. "खोट्या संदेष्ट्याला उघडं पाडायला प्रभूने या मुलीची निवड केली!"

"प्रभूने नाही, पाळकसाहेब," मालती म्हणाली. "धुण्याच्या सोड्याने."

पण लोक तोवर स्तुतीचं भजन गाऊ लागले होते.

मास्तर भजनाला थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी पोस्ट उघडताच तेच जाऊन कोयनेलच्या पुड्या घेऊन आले आणि त्यांनी त्या मुलीच्या हातात ठेवल्या. गोदाबाईंनी आधी डोळे मिटून प्रार्थना केली, मग तोंड वेडंवाकडं करत पुडी घेतली. आठवड्यात त्या उठून बसल्या आणि देवाचे आभार मानू लागल्या. मालती शेजारी बसून भाजी निवडत होती.

नागपूरला परतण्याआधी बायकांच्या सभेत तिला तो प्रयोग पुन्हा करून दाखवायला सांगितलं. तिने स्वतः केला नाही. प्रत्येकीला स्वतःच्या हाताने करायला लावला. बायकांनी पाणी लाल केलं, पुन्हा स्वच्छ केलं, एकमेकींचे हात रंगवले. शेवटी भागाबाईने विचारलं, "मग पोरी, आता देवळात यायचं का नाही?"

"ते तुमचं तुम्ही ठरवा, मावशी. मी कोण सांगणार? पण कुणी चमत्कार दाखवायला आला, तर पाणी आपल्या विहिरीचं आणा, पेला आपल्या घरचा घ्या आणि डोळे उघडे ठेवा. आणि औषध फेकून दे असं कुणी सांगितलं, मग तो कुणाच्याही नावाने सांगो, तर त्याला आधी सगळ्यांसमोर हात धुवायला लावा."