थान साहेबांची पेटी

मी एक पेटी बोलतेय. चीनमधल्या निंगबोच्या सुताराने मला घडवलं ते रुइलानच्या लग्नातल्या कपड्यांसाठी. पण तिला नवरा मिळाला परराष्ट्र खात्यातला, थान युन्हाई, आणि माझं बूड कधी एका जागी टेकलंच नाही.

पीटर्सबर्ग, ब्रुसेल्स, माद्रिद. कपडे पुरते बाहेर निघत नाहीत तोच बीजिंगहून तार येई.

"अहो, आता कुठे?"

"तू भरायला घे, मग सांगतो."

मधेच बादशाही गेली, प्रजासत्ताक आलं. बादशाहीने सक्तीने ठेवायला लावलेली वेणी साहेबांनी कापली. येरझाऱ्या मात्र थांबल्या नाहीत.

मग जिनिव्हात ती तार आली. शिआओवान बंदर परक्यांना देण्याच्या करारावर आज दुपारी तीनला मोहर उठवा. शिआओवान म्हणजे साहेबांचं गाव. ते तासभर खोलीत फिरत राहिले. शेवटी सरकारी मोहर माझ्यात ठेवली, कुलूप लावलं आणि चावी खिडकीतून तळ्यात भिरकावली.

सचिव पेई धावत आले. "साहेब, गाडी उभीय. मोहर?"

"पेटीत."

"आणि चावी?"

"तळ्यात. पोहता येतं का तुम्हाला?"

"थट्टा नको! सुतार बोलावतो."

"बोलवा. आधी मला उठवावं लागेल." असं म्हणून ते माझ्यावर बसले. तीनचे ठोके पडले. करारासाठी ताटकळलेली परकी मंडळी संतापून निघून गेली.

मग सुताराने माझं कुलूप तोडलं, मोहर परत गेली आणि साहेबांची नोकरीही. बीजिंगच्या गल्लीतल्या दोन खोल्यांत टपालवाल्याची चाहूल लागली तरी ते दचकून उठत. मला भरत, पुन्हा रिकामी करत. दोन वर्षांनी दुसऱ्या कुणीतरी तेच बंदर देऊन टाकलं.

"माझा हट्ट फुकट गेला, रुइलान." त्या दिवशी ते जेवले नाहीत.

त्या हिवाळ्यात शिआओवानचा एक म्हातारा कोळी सुक्या मासळीचं गाठोडं घेऊन दारात आला.

"बंदर गेलंच ना, बाबा," साहेब खाली मान घालून म्हणाले.

"गेलं. पण त्या दोन वर्षांत माझ्या लेकीचं लग्न झालं. आपल्या धक्क्यावर, वाजतगाजत. कुणा परक्याला विचारावं लागलं नाही."

साहेबांनी मान वर केली. मग त्यांनी ते गाठोडं स्वतः माझ्यात ठेवलं.

आता साहेब नाहीत, बाईही नाहीत. सून झाकण उघडते नि मासळीच्या वासाने नाक मुरडते. "विकून टाकू ही," म्हणते. विका बापडे. फक्त नव्या मालकाला एवढं सांगा, मला घासून धुऊ नका.